शिसं माझं, गोळी अबू खमीसची

आखातात फुजैराला माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं, तेव्हाची गंमत. म्हातारा अबू खमीस जाळ्याला बांधायचं शिसं न्यायचा आणि घरी वितळवून आपल्या लिव्हर ओढून भरायच्या शिकारी बंदुकीच्या गोळ्या ओतायचा. एका शुक्रवारी डोंगरात नेमबाजी बघायला मलाही घेऊन गेला. समोरच्या डब्याला त्याची एक गोळी लागेल तर शपथ! सोबत आलेला त्याचा मेहुणा खो खो हसला, तसा म्हातारा माझ्यावर उखडला, "तुमारा शिसा खराब है!"

मेहुण्याने तीच बंदूक, तीच गोळी घेतली आणि पहिल्याच फटक्यात डबा उडवला. माझा माल खरा ठरला, पण म्हाताऱ्याची लाज गेली, आता गिऱ्हाईक जायची वेळ आली!

मी अभिनंदन करत ओरडलो, "मबरूक, अबू खमीस! डब्बा किसकी गोली से गिरा? आपके हाथ की!"

म्हातारा खुलला. मेहुण्याकडे बोट दाखवत म्हणाला, "यल्ला, चलो, दुगना शिसा दो! अब इसका गोली भी मैं बनाएगा!"