न खेळता ढाल

सहदेव : नको. ढाल मी घेनार नाय.

प्रफुल्ल : घ्या हो काका. ढाल नसेल तर पहिल्याच फेरीत मराल.

सहदेव : मरन. पन सहदेव भोईरनी न खेलता ढाल घेतली, असा बाळकुमात कोन बोलला तं? त्यापरीस मेलेला बरा.

भावना : बाबा, ही ती ढाल नाही.

सहदेव : मंग कंची? आमचे वेलेला कबड्डीची फायनल जिंकली का ढाल भेटायची. वरीसभर कपाटात ठेवाची, मंग परत द्यावाची. फिरती ढाल. आन ह्यो पोर बोलतो, आदीच घे!

प्रफुल्ल : ही आपल्या खेळातल्या लढाईची ढाल, काका, कागदावरची. वार अडवायची.

सहदेव : वार अंगावं घेवाचा नाय, तं मैदानात उतरावाचा कशाला?

भावना : सोड ना प्रफुल्ल. लिही, ढाल नाही.

प्रफुल्ल : अगं, तूही घेत नाहीस. दोन हातांची कुऱ्हाड नाचवत फिरतेस. आघाडीला दोघं, आणि दोघंही उघडे!

भावना : घराणं आहे आमचं.

प्रफुल्ल : बरं, शस्त्र तरी घ्या. लांब तलवार, भाला, गदा, धनुष्य...

सहदेव : कोयता हाय?

प्रफुल्ल : कोयता पुस्तकात नाहीये. विळा आहे, पण त्याचा मार कमी धरलाय.

सहदेव : ज्यानी पुस्तक लिवला त्याला कोयता लागला नसंल कदी.

भावना : दे ना कोयता. माझ्या कुऱ्हाडीएवढा मार धर.

प्रफुल्ल : छोट्या कुऱ्हाडीएवढा धरतो. तुझे बाबा आहेत म्हणून मोठ्या कुऱ्हाडीएवढा नाही.

सहदेव : बघ, आतापासना कापाला लागला.

प्रफुल्ल : आणि तुमच्या वीराचं नाव काय ठेवू?

सहदेव : सहदेव भोईर.

प्रफुल्ल : खरं नको. काहीतरी कल्पनेतलं.

सहदेव : पयलेच भेटीला मना खोटा नाव सांगाला लावतंस? पोरगी मागाला आलेला मानूस असा बोलतो?

प्रफुल्ल : मी कुठे आलोय काका? तुम्हीच माझ्या घरी आलात.

भावना : प्रफुल्ल!

प्रफुल्ल : नाही, म्हणजे... चहा ठेवू?

भावना : तू गप बस. बाबा, आपलं काय ठरलेलं? नियम तुमचाच. पोराला खेळताना बघितल्याशिवाय हो नाही आणि नाही पण नाही. सुदेशभाऊजींना नाही का बघितलंत?

सहदेव : सुदेशची गोष्ट सोड. चौघांनी धरलेला त्याला. खांदा निखलला, तरी मधले रेषेवरचा हात काय सोडला नाय पोरानी. मी थयाच बोललू, समीक्षा ह्याला देली.

भावना : दवाखान्यात सोयरीक झाली आमच्या ताईची. ते जाऊ दे. प्रफुल्ल हाच खेळ खेळतो, दर रविवारी, ह्याच टेबलावर. कबड्डी त्याला झेपणार नाही, मी आधीच सांगते.

प्रफुल्ल : मी शाळेत लंगडी खेळायचो.

भावना : प्रफुल्ल, प्लीज. तर बाबा, पूर्ण खेळ बघा. आवडला तर हो बोला. नाही आवडला तर तोंडावर नाही बोला. मी रडणार नाही, भांडणार नाही. म्हणजे भांडेन, पण घरी जाऊन.

सहदेव : सबुद देला म्हंजे देला. पोरा, आता सांग, ह्यातला तुझा गडी कंचा?

प्रफुल्ल : माझा गडी नसतो, काका. मी गोष्ट चालवतो. राक्षसांचे फासे टाकतो, वार कुणाला लागला, कोण वाचलं, ते सांगतो.

सहदेव : भावना, चल. गाडी काढतो.

भावना : आता काय झालं?

सहदेव : ह्यो पंच हाय.

भावना : पंच नाही हो...

सहदेव : वार लागला का नाय, कोन सांगतो? पंच! कल्यानचे फायनलला माझा पाय बोनस रेषेच्या पल्याड व्हता, सगले कल्याननी बघला. पंचानी नाय बघला. समोरचे संघात त्याचा मेव्हना! मी तवा बोललेलू, पंचाचे घरचा पानी पन पिनार नाय.

प्रफुल्ल : तुम्ही आत्ता दोन ग्लास प्यायलात.

सहदेव : तवा कुठं ठाव व्हता?

भावना : बाबा, शब्द दिलाय तुम्ही. बसा.

सहदेव : बसतो. पन माझा मन उठला.

प्रफुल्ल : तर... तुम्ही दोघं जुन्या किल्ल्याच्या पुलावर आलात. समोरून चार राक्षस येतायत. एक पुढे पोचलाय, तीन अजून लांब आहेत. आधी त्यांची पाळी.

सहदेव : त्यांची का?

प्रफुल्ल : फाशात त्यांचा आकडा मोठा आला.

सहदेव : ह्या फाशाला तोंडा तरी किती?

प्रफुल्ल : वीस.

सहदेव : रावनाला धाच पुरली.

भावना : टाक रे तू. आणि ऐक ना, तो पुठ्ठ्याचा पडदा का काढलास आज? नेहमी फासे त्याच्याआड टाकतोस.

प्रफुल्ल : आज समोर टाकणार.

(फासा टेबलावर गडगडतो.)

प्रफुल्ल : एकोणीस. भावनाला लागला. मार... अकरा. ढाल नाही. भावना, तू गेलीस.

भावना : मी? पहिल्याच वाराला?

सहदेव : तू माझे पोरीला मारली?

प्रफुल्ल : मी नाही काका, राक्षसाने.

सहदेव : राक्षस कोन? तूच ना! बाप समोर बसलाय, आन ह्यो पोरीला मारतो!

भावना : प्रफुल्ल, फासा तिरका पडला ना जरा? पुस्तकाला टेकलेला. बघ ना नीट. परत टाक.

प्रफुल्ल : टेकला नव्हता.

भावना : अरे, टेकला म्हण! बाबा उठून जातील. मग काय करशील?

प्रफुल्ल : मग रडेन. खरंच रडेन, भावना, मला तुझ्याशिवाय सुचत नाही काही. पण फासा खोटा टाकून मला तू नको आहेस.

सहदेव : मी हितंच बसलोय. बहिरा नाय.

प्रफुल्ल : सॉरी काका.

सहदेव : टेकला नव्हता. मी पन बघला. पुढं बोल, आता ती कवा उठनार?

प्रफुल्ल : नाही उठणार. मेली ती.

सहदेव : मेली म्हंजे? आमचा गडी बाद झाला तं बाहेर बसतो. आपन समोरचा एक मारला, का आपला एक उठतो. परत मैदानात.

प्रफुल्ल : ह्या खेळात तसं नसतं. मेला तो मेला.

सहदेव : असला खेल? येक डाव चुकला का मानूस कायमचा गेला? मंग बाकीच्यांनी कोनासाठी लरावाचा?

भावना : बाबा, राहू दे. मी बसते बाहेर.

प्रफुल्ल : थांब. काका, परत सांगा. समोरचा एक बाद केला की आपला एक उठतो?

सहदेव : हां.

प्रफुल्ल : दोन्ही संघांचा?

सहदेव : ...हां. दोनीचा.

प्रफुल्ल : मग इथेही दोन्हीचा. तुम्ही राक्षस मारलात तर भावना उठेल. राक्षसांनी तुम्हाला मारलं, तर त्यांचा मेलेला उठेल. चालेल?

भावना : वेडा आहेस का? ते चार, आम्ही दोघं! आम्हाला तेवढा दे, त्यांना कशाला?

प्रफुल्ल : मग तो नियम कुठे राहिला, भावना? ती मेहेरबानी झाली.

भावना : बाबा, तुम्ही सांगा ह्याला.

सहदेव : मी कं सांगू? बराबर बोलतो. पोरा, मी चढाईला निगालू. कोयता घेतला. फासा कुठं हाय?

प्रफुल्ल : हा घ्या. दहाच्या वर हवा.

सहदेव : कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

भावना : बाबा, दम नाही लागत ह्यात. नुसता टाकायचा.

सहदेव : ...कबड्डी, कबड्डी... घे!

प्रफुल्ल : सतरा! लागला. राक्षस बाद. भावना, ऊठ.

भावना : उठले! येस, बाबा!

सहदेव : ओरडू नको, कुऱ्हाड धर. आजूबाजूला बघ. तुझा तोच वांदा हाय, एक धरला का बाकीचे दिसत नाय तुना.

प्रफुल्ल : आता राक्षसांची पाळी. तीन आहेत. पहिला काकांवर... चार, चुकला. दुसरा काकांवर... सहा, चुकला. तिसरा...

भावना : तिसरा पण बाबांवरच? माझ्यावर टाक ना!

प्रफुल्ल : बाबा पुढे उभे आहेत, त्यांच्यावरच येणार. ...अठरा.

सहदेव : लागला?

प्रफुल्ल : लागला, काका.

सहदेव : मेलू?

प्रफुल्ल : मेलात. मला वाईट वाटतंय.

सहदेव : वाईट नंतर वाट. त्यांचा गडी उठव.

प्रफुल्ल : अं?

सहदेव : अरं, मी बाद झालू ना? मंग त्यांचा उठतो. बघत काय बसलंस? नियम म्हंजे नियम.

प्रफुल्ल : हो. उठला. परत चार झाले.

भावना : आणि मी एकटी. बाबा, आता?

सहदेव : आता तू खेल. मी बाहेर बसून ओरडनार. बाहेरच्याला ओरडाला देतंस ना, पोरा?

प्रफुल्ल : देतो. पण कुठला राक्षस आधी मारायचा ते सांगायचं नाही.

सहदेव : तेवरा मना पन कलतं. भावना, पाय मागं घे! घाई नको. टाक फासा, मी हाय हितं.

भावना : टाकते. थांबा जरा, फासा पुसून घेते.

सहदेव : थांबतो. पोरा, तुझे आयला मच्छी चालते?

प्रफुल्ल : नाही हो. डोंबिवलीच्या घरात अंडंही येत नाही. आईबाबा दोघंही शुद्ध शाकाहारी. का हो?

सहदेव : काय नाय. रविवारी त्यांना बाळकुमला घेऊन ये. बिरडा कराचा तं भावनाचे आयला शुक्रवारीच वाल भिजत घालाला लागतील.