बोळातला खेळ

...आणि वर खेळाच्या बाई म्हणतात, दादा, उद्या जरा गोगलगाय आखून द्याल का? गोगलगाय. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने चार वर्षं या शाळेच्या मैदानावर एक गोल ट्रॅक आणि एक चौकोन, एवढंच आखलं, त्याला एकदम गोगलगाय कशी जमणार? ट्रॅकचं सोपं असतं हो. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोकं पाडलेली असतात, त्यात चुन्याची फक्की भरायची आणि डबा हलवत हलवत सुतळीवरून चालत सुटायचं. मागे वळून बघितलं की पांढरी सरळ रेघ. पण गोगलगाईला सुतळी ताणायची कुठून? मी आपला बाहेरून सुरुवात केली आणि गोल गोल आत आत आखत गेलो, आत आत आखत गेलो... आणि शेवटी मीच मधे अडकलो. वाट इतकी बारीक झाली होती की परत निघायचं तर रेघ मोडणार. उभा राहिलो तसाच, डबा छातीशी धरून. शिपाईमावशी झाडू घेऊन चालल्या होत्या, त्या म्हणतात, "काय रे, घरच बांधलंस की. दार नाही ठेवलं?"

तक्रार नाही माझी. मी तक्रार करणारा कोण? माझं काम रेघेपर्यंत. रेघेच्या आत काय चालतं ते खेळणाऱ्यांचं.

पण तुम्हाला सांगतो, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी शिट्टीसर होते. मी याच शाळेत शिकलो ना, आठवीपर्यंत, म्हणजे त्यांच्याच हाताखाली. त्यांचा खेळाचा तास म्हणजे काय, तर सावधान, विश्राम, सावधान, विश्राम, मग दोन कप्तान पुढे यायचे आणि एकेक गडी निवडायचे. तू ये, तू ये, तू ये... आणि शेवटी आम्ही तीन-चार जण उरायचो. एक जाडा, एक चष्मेवाला, एक मी. मी का, तर माझ्याकडे पांढरे बूट नव्हते. सर म्हणायचे, "बूट नाहीत? बस तिकडे. बघून शीक." मी बघून शिकलो. तीन वर्षं बघून शिकलो. मग वडिलांची कंबर गेली, मी शाळा सोडली, पाच-सहा वर्षं इकडे तिकडे कामं केली आणि फिरून याच मैदानावर आलो, फक्कीचा डबा घेऊन. आता बूटही आहेत. पण ते फक्कीने पांढरे, त्याला काय अर्थ?

शिट्टीसर निवृत्त झाले आणि या बाई आल्या. पहिल्याच दिवशी बाईंनी शिट्टी ठेवली खिशात आणि पोरांना घेऊन बसल्या खाली. मातीत. खेळाच्या तासाला बसल्या. मी म्हटलं, संपलं. आणि विचारायला लागल्या, "तुमच्या घरी काय खेळतात? आई लहानपणी काय खेळायची? आजोबा काय खेळायचे? जा, विचारून या." आता पोरं ती, घरी जाऊन विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एकेक खेळ. कोणाच्या आजीचा उड्यांचा, कोणाच्या मामाचा टोप्या पळवायचा... बाईंनी बेचाळीस पोरांची यादी केली. ज्याची पाळी, तो त्या दिवशी मास्तर. तो सांगणार, बाकीचे खेळणार, बाईसुद्धा खेळणार.

आणि मोठे सर खिडकीतून बघतात. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांचा आवाज असा नाकातून येतो. "बाई, हा खेळाचा तास आहे की बाजार? स्पर्धा जवळ आल्या, धावपटू कुठे आहेत?" बाई म्हणतात, "सर, पूर्वी बेचाळिसातले किती जण पळायचे?" सर म्हणतात, "पळायचे की दहा-बारा." बाई म्हणतात, "आता मोजा." सरांनी मोजायला बोट काढलं, पण पोरं काही एका जागी थांबेनात, तेव्हा ते मोजायचं सोडून आत गेले.

खरंच हो. त्या एका मुलीचं सांगतो. दुसऱ्या मुलखातून आलेली, आपली भाषा येत नाही, सबंध पहिला महिना भिंतीला पाठ लावून उभी. तिची पाळी आली तेव्हा मलाच घाम फुटला, म्हटलं ही काय बोलणार? ती काही बोललीच नाही. तिने एका पोराचा हात धरून त्याला वर्तुळात उभं केलं, दुसऱ्याला दुसरीकडे, आणि टाळी देत देत मोजायला लागली, तिच्या भाषेत. दहाला जो असेल तो पळणार. आता दहा कधी येतात ते कळायला हवं ना, नाहीतर पकडलेच जाल, म्हणून बाकी सगळ्या पोरांनी एका तासात तिच्या भाषेतले आकडे पाठ केले. पोरांचं सोडा, माझेही पाठ झाले. आता फक्की मारताना मी पावलं तिच्याच आकड्यांनी मोजतो. आपल्या भाषेतला आठ आठवायला मला जरा वेळ लागतो.

आणि रेघा? रेघा कोण मारणार? आज आठ घरं, उद्या वर्तुळात वर्तुळ, परवा गोगलगाय. डोकं सगळं फक्कीनं भरतं. मी तेवीस वर्षांचा आहे, तुम्हाला सांगतो, आणि पोरं मला काका म्हणतात. का, तर केस पांढरे दिसतात.

असो. माझं काम रेघेपर्यंत.

आता मुद्द्याचं सांगतो, पण हसू नका. त्या बेचाळीस पोरांचे खेळ आखता आखता माझ्या मनात आलं, की खेळ तर माझ्याकडेही आहे.

बोळातला खेळ. आम्ही राहायचो तिथे खोल्यांच्या दोन ओळी होत्या आणि मधे बोळ, इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने पोट आत घ्यायचं. तिथे मी आणि माझी ताई खेळायचो. तिने विटेच्या तुकड्याने दोन रेघा मारल्या होत्या, दोन्ही टोकांना लांब लांब आणि मधे अगदी जवळ, वीतभर. एका टोकाकडून ती निघायची, एका टोकाकडून मी. रेघेवर पाय द्यायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. आणि मधे गाठ पडली की दोघांनी एकमेकांना ओलांडून जायचं. आता वीतभर जागेत कसं ओलांडणार? तर हात धरायचे. मी मागे झुकणार, ती मागे झुकणार, एकमेकांच्या वजनावर अशी अर्धी गिरकी घ्यायची, की मी तिच्या बाजूला आणि ती माझ्या. पाय चुकला तर दोघांनी परत पहिल्यापासून. गेलो तर दोघं, राहिलो तर दोघं. त्याला कप्तान नाही, बूट नाही... त्या खेळात कोणी बादच होत नाही हो. मैदानावर मी तीन वर्षं बघत बसलो, पण बोळात मी खेळत होतो.

मग ताईचं लग्न झालं, ती लांब गेली. एकट्याने तो खेळ होत नाही. मी करून बघितलंय.

तर मी यादीवर नजर ठेवली. तीस झाले, पस्तीस झाले. म्हटलं, बेचाळीस संपले की बाई नक्की विचारणार, कोणी राहिलं का? बाईंचा स्वभावच तसा. आणि मग मी म्हणणार... काय म्हणणार याची मी घरी तयारी केली, आरशासमोर. "बाई, माझ्याकडे एक आहे." चारच शब्द. ताईला फोनही केला, नियम नीट विचारून घ्यावे म्हणून. म्हटलं, "ताई, आपला बोळातला खेळ आठवतो?" ती म्हणते, "कुठला रे? थांब, धाकटा पाण्याशी खेळतोय... कुठला बोळ?" मी म्हटलं, "आपला. दोन रेघा. मधे अरुंद." ती म्हणते, "बाई गं, तुला कसलं कसलं आठवतं. जेवलास का?" म्हटलं, जेवलो. ठेवला फोन. म्हणजे बघा, तो खेळ आता सबंध जगात एकट्या माझ्याच डोक्यात उरला. मी एखाद्या गाडीखाली आलो तर संपला.

आणि बेचाळिसावं पोर झालं. बाईंनी वही मिटली, मैदानभर बघितलं आणि म्हणाल्या, "कोणी राहिलं का?"

मी चार हातांवर उभा. डबा हातात. बाईंची नजर पोरांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली, देवाशपथ थांबली. आणि मी काय केलं असेल? मी डब्यात बघितलं. फक्की आहे का. भरलेला डबा हो, आत्ताच भरलेला, आणि मी त्यात असा वाकून बघतोय जसं आत काही पडलंय. वर बघेपर्यंत बाई म्हणाल्या, "बरं. मग उद्यापासून आवडते खेळ पुन्हा." झालं. चार शब्द होते.

त्या रात्री काही झोप लागली नाही, आणि सकाळी उजाडताच मैदानावर गेलो. कोपऱ्यात, टाकीपाशी, जिथे कोणी जात नाही तिथे, बोळ आखला. सुतळी न लावता. हाताला ठाऊक होतं. टोकांना रुंद, मधे वीतभर. म्हटलं, नुसतं बघावं. घंटेआधी पुसून टाकू. आणि बघत बसलो, आणि बघतच बसलो, आणि घंटा झाली.

पोरं धावत आली. "बाई, नवीन आहे, नवीन आहे." बाई आल्या. बघितलं. मला म्हणतात, "दादा, हे कोणी आखलं?"

आता त्या मैदानावर फक्की असलेला माणूस एक. कोपरापर्यंत पांढरा. मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कसं खेळायचं ते कळलं असतं तर फार बरं झालं असतं." आणि थांबल्या. मी म्हटलं, "हो ना."

हो ना. यासाठी मी आरशासमोर उभा राहिलो होतो.

तेवढ्यात एक दात पडलेला मुलगा पुढे आला, त्याला सगळंच माहीत असतं. म्हणतो, "बाई, मी सांगतो. दोन बाजूंनी दोघं लंगडी घालत येणार, मधे आले की जो आधी दुसऱ्याला शिवेल तो राहिला, दुसरा बाद." कुठून काढलं देव जाणे. आणि पोरं खेळायला लागली की, काय आरडाओरडा, काय लंगडी. छान खेळत होती, खोटं का बोलू? मी टाकीशी उभा राहून बघत होतो. बघून शिकत होतो.

आणि ती आकडेवाली मुलगी माझ्यासमोर आली. आता तिला आपली भाषा थोडी येते. म्हणते, "काका, ये. सोपं आहे. घाबरू नको." मी म्हटलं, नको नको, माझं काम... तिने ऐकलंच नाही, हात धरून नेलं एका टोकाला आणि स्वतः पळत दुसऱ्या टोकाला गेली. बाकी पोरं टाळ्या वाजवतायत, बाई बघतायत, आणि मी रेघेच्या आत. या मैदानावर, पहिल्यांदा. मी लंगडी घालत निघालो. ती समोरून आली. मधे पोहोचलो, वीतभर जागा, आणि तुम्हाला सांगतो, मला काही सुचलंच नाही, इतक्या वर्षांची सवय ती... माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. धरायला.

तिने टिचकीसारखं शिवलं आणि म्हणाली, "काका बाद."

पहिल्याच फेरीत. बाहेर जाऊन बसलो. जाडा, चष्मेवाला कोणी नव्हतं, त्या दिवशी एकटाच होतो. पण लगेच पुढची फेरी लागली, पोरांनी परत ओढलं. चार वेळा खेळलो, चारही वेळा हात पुढे गेले, चारही वेळा बाद. पोरं म्हणायला लागली, काकांना येतच नाही हा खेळ.

संध्याकाळी ताईला फोन केला. म्हटलं, "ताई, आज बोळातला खेळ खेळलो. बाद झालो." पलीकडे नळ चालू होता तो बंद झाला. ती म्हणते, "बाद? त्यात बाद कोण होतं रे?" मग म्हणाली, "तू मागे झुकलास तर मी पडायचे नाही, एवढंच होतं ना त्यात?" म्हटलं, एवढंच.

आता तो खेळ रोज असतो. पोरांनी यादीत वर घातलाय, बाईंनी वहीत लिहिलंय, आणि रोज सकाळी मी तो आखतो. परवा ती मुलगी उभी राहून बघत होती, म्हणाली, "काका, मधे इतकं बारीक का करतो? दोघं मावत नाही." तिचं बरोबर आहे, शिवायला जागा लागते. म्हटलं, करतो रुंद. केलं. आता दोघं आरामात जातात, एकमेकांना धरावं लागत नाही. फक्की तेवढी जरा जास्त लागते.