मनोऱ्याचा चौथा पाय

(मारेगावजवळच्या वन उद्यानातला लाकडी मनोरा. खाली वनरक्षक दीपा आणि मनोरा बांधणारा म्हातारा सुतार उकंडा. सोमवारची दुपार.)

दीपा : म्हणून बोलावलं, काका. साहेब म्हणतात, हा पाडून लोखंडी उभारू. मी म्हटलं, ज्यानं बांधला त्याले तं विचारा. तुम्ही मजबूत आहे म्हटलं, की वाचला.

उकंडा : पाडू द्या.

दीपा : पाह्यलं बी नाही तुम्ही!

उकंडा : अठरा वर्सं पाहूनच राह्यलो, बेटा.

दीपा : तेच तं. दर रविवारी सायकलीवर येता, चारही पायांना हात लावता. आम्ही म्हणतो, काकाचा जीव आहे याच्यात.

उकंडा : माह्या पिशवीतली पटाशी घे. या पायात खोच. बुडाशी.

दीपा : अरे... भुसाच निघून राह्यला!

उकंडा : बाकीचे तीन सागाचे हायेत. खाली फाकवले, वर जवळ आणले. काळी माती फुगते, फाटते, म्हणून बुडाखाली दगड देल्ले. कागदावर नकाशा नोताच. माह्या जोडीचा सुतार भावसिंग, त्यानं अन् म्या इथंच मातीत काडीनं काढला.

दीपा : अन् हा चौथा?

उकंडा : साग कमी पडला. उद्घाटन दोन दिवसांवर. तवाचे साहेब म्हणे, रंग मारल्यावर कोणाले दिसते? भावसिंग नाई म्हणे. म्या आडजातीचं, हलकं लाकूड लावून देल्लं. तो हत्यारं उचलून गेला. मंग मरेपर्यंत माह्यासंग बोलला नाई.

दीपा : सांगितलं काहून नाही कोणाले?

उकंडा : पह्यले भेव वाटलं. मंग लाज. मंग वाटे, आज उभा हाय, तं पुढच्या रविवारपर्यंत राहीन.

दीपा : काल शाळेचे पन्नास लेकरं वर गेलते, काका. मीच चढवले.

उकंडा : मालूम हाय. म्या फाटकापाशी उभा होतो. सारे उतरेपर्यंत पाणी नाई पेलो.

दीपा : ...साहेबाले काय सांगू आता?

उकंडा : सारं सांग. माह्यं नाव घेऊन सांग. लय थकलो आता.

दीपा : तुम्ही घरी जा. उद्या मजूर येतील.

उकंडा : उद्या कायले? खालच्या चार पायऱ्या आजच काढू. मंग कोणी चढत नाई.

दीपा : एकटे कसे काढसान?

उकंडा : तू तिकून धर.