अस्वल, अनारसे आणि उदयसिंहराव

—नाही नाही, आनंद, ते वाक्य आधी खोड. 'अस्वलाशी निधड्या छातीने झुंज' — कोणी लिहून दिलं हे तुला? लीलावन्संनी? अरे, तुझी आई तिकडे नव्हतीच, ती तेव्हा तुला मांडीवर घेऊन नडियादला बसली होती. पुढे वाच बघू. 'आमचे मामा श्री. उदयसिंहराव यांनी पत्नी व कन्या यांच्या रक्षणार्थ' — रक्षणार्थ! हसू नको तर काय करू मी? पंचाहत्तरी आहे तुझ्या मामांची, पुस्तिका काढताय, काढा ना! बालपणीचा फोटो टाका, कोयलीच्या रिफायनरीतला टोपीवाला फोटो टाका, मला काही म्हणायचं नाही. पण हे रक्षणार्थ तेवढं नको. मामा निजामपुऱ्यात गेलेत, दाताच्या डॉक्टरकडे. तासभर काही येत नाहीत, आणि आले तरी तोंड सुन्न असेल — तेवढीच घराला शांतता. बस नीट. ते शेव-ममरा घे समोरचं. आता ऐक, पण लिहू नकोस. पेन खाली ठेव म्हटलं ना!

चौऱ्याऐंशी साल. नीरू सहा वर्षांची, पहिलीत. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी, आणि सगळं बडोदं निघालेलं आबूला. माझंही मन आबूलाच होतं, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या मामांना काय सुचलं — म्हणे आबूला काय, तिथे तर आपले हरणीतलेच शेजारी भेटतात, आपण मुलीला रान दाखवू. रान! यांच्या आजोबांनी, जगदेवरावांनी, संस्थानच्या शिकारखान्यात नोकरी केलेली. नोकरी म्हणजे काय, तर हाकाऱ्यांना चणे वाटायचे. पण घरी फोटो असा की जणू वाघ यांनीच मारला आणि साहेबलोक मागे नुसते उभे. ते रक्त म्हणे अंगात आहे. रक्त होतं, जीप नव्हती — ती कोयलीच्या एका दोस्ताची मागून आणली. भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो रतनमहालला. देवगड बारियाच्या पुढे, डोंगरात, तेव्हा तिकडे चिटपाखरू — नाही, चिटपाखरू होतं, पाखरंच पाखरं होती, माणूस नव्हता. वनखात्याचं रेस्ट हाऊस म्हणजे काय, तर पुढे पडवी, मध्ये एक खोली, मागे न्हाणी. वर पत्रे. आणि एक म्हातारा चौकीदार, त्याला ऐकू कमी यायचं.

पहिला दिवस झकास गेला हं, ते मी नाकारत नाही. नीरूने हरणाच्या पावलांचे ठसे बघितले, वारुळं बघितली, एका झाडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे बघितले. हे गळ्यात दुर्बीण अडकवून पुढे चाललेले — तो बघ गरुड! गरुड कसला, घार होती, नीरूसुद्धा म्हणाली, बाबा, ही तर आपल्या गच्चीवर येते. मग माकडांनी यांचा लेंगा पळवला. वाळत घातलेला. झाडाच्या शेंड्यावर लेंगा, खाली पंचा नेसलेले उदयसिंहराव माकडाला गुजरातीत विनवतायत — आपी दे, भाई, आपी दे! — चौकीदार हसून हसून खाली बसला. हे घाल की पुस्तिकेत! हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारं पडलेलं. पान हलेना. ट्रान्झिस्टरवर सांगत होते, दर्यात वादळ झालंय, सौराष्ट्राकडे सरकतंय. चौकीदार म्हणाला, बेन, वावाझोडुं आवे छे, हूं ढोर बांधीने आवूं — म्हणजे वादळ येतंय, गुरं बांधून येतो — आणि गेला आपल्या वाडीवर. मी म्हटलं, आपणही निघू या. तर हे म्हणाले, दर्या कुठे आणि आपण कुठे, चार थेंब पडतील, मजा येईल. मजा!

तीन वाजता आभाळ असं काळं झालं की समोरचा डोंगर दिसेना. आणि मग जे सुटलं म्हणतोस — पत्र्यांवर कोणी खडी ओततंय असं वाटावं. खोलीच्या दाराची वरची बिजागरी उखडली, दार नुसतं लोंबायला लागलं. अंगणातला साग कडाकडा मोडून जीपच्या बोनेटवर पडला. नीरू रडायला लागली. हे तिला घेऊन खोलीत बसले, आणि मी — मी बाहेर पडवीत, दोरीवरचे कपडे ओढतेय. का? कारण लेंगा एकच उरला होता ना यांचा! पडवीतल्या बाकावर माझे फराळाचे डबे, नुकताच चहा झाला होता. मी कोपऱ्यात, कपडे छातीशी धरून वळले — आणि बाकाशी अस्वल.

अरे, चार हातांवर! मी आधी म्हटलं कोणाचं तरी घोंगडं उडून आलं. मग त्या घोंगड्याला तोंड दिसलं. मळकट पांढरं लांबोडकं तोंड, आणि नखं ही अशी, केळ्यासारखी वाकडी. भिजून निथळत होतं बिचारं. बिचारं आत्ता म्हणतेय. तेव्हा मी ओरडले — अहो, अस्वल! नीरूला घ्या, आत जा! — एवढं मात्र मी म्हटलं होतं, ते मला पक्कं आठवतं. मी या कोपऱ्यात, खोली त्या बाजूला, मधोमध ते. यांनी नीरूला उचललं, न्हाणीत धावले, आणि—

थांब, विमान जाऊ दे. हरणीत राहायचं म्हणजे सुखदुःखाचं बोलणंसुद्धा विमानांच्या वेळा बघून बोलायचं.

—आणि न्हाणीचं दार धाडकन लागलं. खिट्टी सरकल्याचा आवाज आला मला. त्या वादळात, त्या पत्र्यांच्या कालव्यात तेवढा एक आवाज कसा ऐकू आला विचारशील, तर मलाही माहीत नाही. आला. बायको बाहेर, अस्वल बाहेर, आणि निधडी छाती आत, खिट्टी लावून.

मी काय केलं? मी काय करणार? उभी राहिले. बाहेर पळावं तर झाडं पडतायत. ते अस्वल बाकावर पुढचे पाय ठेवून, एखादा पाहुणा बसावा तसं टेकलं आणि अनारशांचा डबा पाडला. अनारसे असे ओढत होतं तोंडात, फुर्र् फुर्र्, जसे आमचे सासरे बशीतून चहा ओढायचे अगदी तसे. चौदा अनारसे संपवले. मग चकल्यांचा डबा उघडला, हुंगला आणि बाजूला सारला! एवढी भीती वाटत होती, तरी मला राग आला हं. चकल्यांना काय झालं होतं? मग त्याने तोंड वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक, काळ्या मण्यांसारखे. मी पायाने करंज्यांचा डबा पुढे ढकलला. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही — मी म्हटलं, घे बाबा, सारण जरा कमी पडलंय, पण घे.

आणि ह्या सगळ्या वेळात न्हाणीच्या दारामागून धडधड धडधड आवाज. मला वाटलं, दाराला आतून बादली लावतायत, पाट लावतायत, अजून काय काय लावतायत. नीरू किंचाळत होती, आई, आई करून. यांचाही आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी मनात म्हणत होते — उघडा. उदयसिंहराव, एकदा नुसतं दार उघडा, बाहेर येऊ नका, तोंड दाखवा, पुरे. नाही उघडलं. अर्धा तास, आनंद. मग दुसरं एक झाड पडलं, अस्वल दचकलं आणि करंज्यांचा डबा तोंडात धरून चालतं झालं. घाई नाही, काही नाही. वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी माझ्याकडे कोणीच वळून बघितलं नाही म्हण ना.

पाऊस ओसरल्यावर चौकीदार आला. रींछ आवेलुं? — अस्वल आलेलं? — म्हणाला, त्याला ठशांवरूनच कळलं. आणि न्हाणीचं दार? ते उघडेना! खालची खिट्टी इतक्या जोरात लावली होती या माणसाने की स्वतःलाच निघेना. शेवटी चौकीदाराने फटीत कुऱ्हाडीचा दांडा घालून उचकटलं. हे बाहेर आले तेव्हा उजवा हात रक्ताने भरलेला, दोन नखं गेलेली. चेहरा असा पांढरा. माझ्याकडे बघवेना यांना. परतताना त्या चेपलेल्या जीपमध्ये मी एकच विचारलं — खिट्टी का लावलीत? तर म्हणाले — लागली. लागली! ऐकलंस? लावली नाही, लागली. खिट्टी आपणहून लागते का रे कधी? व्याकरणात शिरला माणूस!

मग बडोद्याला आलो तर यांचा हात बांधलेला. शेजारणी विचारतात, काय झालं? मी म्हटलं, अस्वल आलं होतं. एवढंच म्हटलं मी! हात आणि अस्वल त्यांनी जोडलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, तुझ्या आईने नडियादहून पेढे पाठवले. हे? कोणी विचारलं की उठून झाडांना पाणी घालायला जायचे. आणि मी पण गप्प बसले. म्हटलं, वाहू दे शौर्य डोक्यावर जन्मभर, हीच शिक्षा. तेव्हापासून घरात यांनी आवाज चढवला, की मी बोलत नाही, नुसता एक अनारसा आणून ताटात ठेवते. दिवाळी असो नसो. मुद्दाम करून ठेवते डब्यात. हे बघतात, खातात आणि उठतात. एकदा जावयासमोर ठेवला. हो, ठेवला. जरा वाईट वाटलं नंतर, पण ठेवला. आणि एक सांगू? त्या दिवसापासून हा माणूस न्हाणीची खिट्टी लावत नाही. स्वतःच्या घरातसुद्धा. दार नुसतं लोटून घेतो आणि आत खोकत बसतो, कोणी येऊ नये म्हणून. मन खातं, दुसरं काय. मला बरं वाटायचं ते ऐकून. आता हे तुझ्या आईला सांगू नकोस.

काय झालं? असा का बघतोयस? शेव-ममरा खवट झालाय का?

नीरूला फोन केला होतास? कधी — काल? पुस्तिकेसाठी. बरं मग? तिने पाठवला का मजकूर? नाही? रडली? नीरू रडली फोनवर? का रडली? अरे, बोल ना नीट, अर्धं अर्धं काय बोलतोस!

...काय?

पुन्हा सांग. कोणी लावली?

नाही. अरे, सहा वर्षांची होती ती. तिचा हात कसा— हां. खालची. खालची खिट्टी. तिच्या उंचीला होती.

हे तिला आत ठेवून परत वळले होते. माझ्याकडे यायला. आणि ती पोर — बाबाही बाहेर गेला तर बाबालाही अस्वल खाईल म्हणून — तिने दार लोटलं आणि खिट्टी ओढली. आणि ती गंजलेली, अडकली. हो, गंजलेलीच असणार, तिथे सगळंच गंजलेलं होतं. दांडी यांच्या हातात तुटून आली म्हणतोस? मग ते नखांनी— ती धडधड म्हणजे— हे दार तोडत होते. आतून. मी बाहेर उभी राहून म्हणतेय की बादल्या लावतायत.

आणि तिला काय म्हणाले? 'आईला कधी सांगायचं नाही, तिला वाटेल तू तिला बाहेर ठेवलंस.' असं म्हणाले? त्याच दिवशी? हात रक्ताने भरलेला असताना? आणि ही कार्टी चाळीस वर्षं गप्प. मी टोमणा मारला की उठून आत जायची ती. मी म्हणायचे, बापाची बाजू घेते. जावयासमोर ठेवला तेव्हाही ती उठून गेली होती रे. जेवण टाकून गेली होती.

लागली, म्हणाले होते ते. एक शब्द खोटा नाही बोलला माणूस.

नको, पाणी नको मला. पुस्तिका राहू दे आत्ता, मग बघू त्या पुस्तिकेचं. हा घे फोन, नीरूचा नंबर लाव. मला दिसत नाहीये आकडे. लाव ना. वाजतोय?

—नीरू? मी. आई. ...हो, बसलाय इथेच. सांगितलं त्याने. ...नाही ग, रडू नकोस. सहा वर्षांची होतीस तू. ऐक— ऐक माझं आधी—

आनंद, तू अजून इथेच का? जा तू. जा म्हटलं ना!