हिरव्या पट्टीची टोपी

(रियाधमधलं घर. गुरुवार, असरच्या नमाजनंतरची वेळ. शिवणाच्या मशीनजवळ नवरा-बायको.)

सफूरा : पण चांगली बसलेली हिरवी पट्टी उसवून निळी कशाला लावायची, ते तरी कळू दे मला.

जमालुद्दीन : अगं, यंदा क्लबच्या टोप्यांना निळी पट्टी आहे. उद्या फायनलला हम्माद ए टीममधून खेळणार. सगळे निळ्यात आणि हा एकटा हिरव्यात, बरं दिसेल का? यल्ला, घे सुई-दोरा. तो येईलच इतक्यात सांदणांचे डबे न्यायला.

सफूरा : हम्माद ए टीमला? खरंच सांगताय? या अल्लाह, शुक्र आहे! जुबेदाला कळवते आधी. बिचारी दर जुम्म्याला हर्णैहून फोन करून विचारते, माझा लेक वरच्या टीमात गेला का म्हणून.

जमालुद्दीन : कळव गं, नंतर कळव. आधी पट्टी.

सफूरा : हे बघा, घेतली उसवायला. पण काय हो, हे 'हम्माद' नाव माझ्याच हातचं आहे.

जमालुद्दीन : मग? आपल्या क्लबची रीतच आहे ती. बीमधून एमध्ये जाणाऱ्याच्या टोपीवर कॅप्टनच्या घरात नाव काढायचं.

सफूरा : रीत मला नका सांगू, बोटं माझी टोचलीत. हे नाव मी गेल्या वर्षी काढलंय, रमझानच्या आधी. मग तुम्ही म्हणालात, कमिटी नाही म्हणाली, टोपी परत केली. परत केलेली टोपी माझ्याच मशीनच्या खणातून, जुन्या पडद्यांच्या खालून कशी निघाली?

जमालुद्दीन : करायची राहून गेली.

सफूरा : आणि कमिटी म्हणजे कोण हो? तुम्ही, तौकीर आणि तो मीटिंगमध्ये घोरणारा खजिनदार?

जमालुद्दीन : सफूरा, हात चालव.

सफूरा : हात चालतोय. तोंडही चालणार. तौकीर मागे याच सोफ्यावर बसून मला म्हणाला होता, 'भाभी, हम्मादला खाली का ठेवलाय ते कॅप्टनलाच माहीत.' मला वाटलं, मस्करी करतोय.

जमालुद्दीन : तौकीरने तर बोलूच नये. त्यालाच मी घाईने वर आणला होता. आठवतं ना काय झालं? बी टीम टेनिस बॉलने खेळते, ए टीम लेदरने. पहिल्याच सामन्यात लेदर बॉल बसला जबड्यावर. तूच त्याला कितीतरी दिवस नळीने पेज पाजत होतीस. तयार नसलेल्याला वर नेलं की असं होतं. तेव्हाच कान पकडले मी.

सफूरा : तौकीर बॅट्समन आहे. हम्माद बॉल टाकतो. जबडा जाईल तो समोरच्याचा.

जमालुद्दीन : खांदा कोवळा होता त्याचा.

सफूरा : वा! कोवळ्या खांद्याच्या माणसाला बी टीममध्ये एका बाजूने शेवटपर्यंत कोण टाकायला लावतं? तुम्हीच. मी तिथे चटईवर बसलेली असते, आंधळी नाही. आणि तुमच्या ए टीमवाल्यांना नेटमध्ये लेदर बॉल कोण टाकतं? त्यांची दांडी उडाली की 'शाब्बास हम्माद' म्हणून कोण नाचतं?

जमालुद्दीन : स्वभाव जरा तापट होता.

सफूरा : कुणाचा? आपल्या दारात चपला काढल्या की दुसऱ्यांच्यासुद्धा सरळ लावून ठेवतो, त्याचा? अजून काय होतं? नाक लांब होतं?

जमालुद्दीन : उगाच वकिली करू नकोस.

सफूरा : बरं, नाही करत. एवढंच सांगा. वर्षभर नाही, मग उद्याच का?

जमालुद्दीन : त्याची कंपनी बंद होतेय.

सफूरा : काय?

जमालुद्दीन : अल सुलैमध्ये आमच्या गोदामाला लागूनच त्यांचं गोदाम. त्याच्या फोरमनने दुपारी सांगितलं. सगळ्यांना खुरूज देतायत. एकदम घरी, परत येणं नाही. त्याआधी दुसरा मालक कफील म्हणून मिळाला, त्याने इकाम्याचा परवाना आपल्या नावावर घेतला, तरच राहता येईल. डबा तसाच परत आणलाय मी, बघितलास ना?

सफूरा : मला वाटलं, माशात मीठ जास्त झालं. तौबा, तौबा. आणि तो पोरगा एका शब्दाने बोलला नाही.

जमालुद्दीन : तो कधी बोलतो?

सफूरा : पण ए टीमला खेळून कफील कसा मिळणार?

जमालुद्दीन : उद्या रहमतुल्ला येतोय.

सफूरा : राबिघचा रहमतुल्ला?

जमालुद्दीन : तोच. त्याच्या कंपनीची टीम आहे. एखादा मनात भरला की नोकरी देतो, इकाम्याचं सगळं करतो. पण बघतो फक्त ए टीमचे सामने. बी टीम खेळते तेव्हा तो गाडीत एसी लावून झोपतो.

सफूरा : थांबा हं. गेल्या वर्षी तो आपल्याकडे जेवायला आला होता. मी कोळंबी केली होती.

जमालुद्दीन : हो.

सफूरा : आत भाकऱ्या थापत होते मी. तो म्हणाला, डावखुरा फास्ट बॉलर असेल तर सांग, माझ्याकडे जागा आहे. तुम्ही काय म्हणालात?

जमालुद्दीन : तुला आठवतंय तर मला का विचारतेस?

सफूरा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

जमालुद्दीन : म्हणालो, एक आहे. पण अजून कच्चा आहे.

सफूरा : तेव्हा ही टोपी कुठे होती?

जमालुद्दीन : तयार होती. त्याच जुम्म्याला द्यायची होती. रहमतुल्ला यायचं कळलं आणि खणात टाकली.

सफूरा : का हो? असं का केलंत?

जमालुद्दीन : तो गेला असता, सफूरा! एक ओव्हर बघितली असती रहमतुल्लाने आणि उचलून नेलं असतं त्याला. मग माझ्या क्लबकडे काय राहिलं असतं? इतकी वर्षं त्या वाळूत धावून गुडघे गेले माझे, एक कप नाही मिळाला. हा आला आणि बी टीमचा कप घरात आला. म्हटलं, अजून एक वर्ष राहू दे. आपलाच आहे. मग वर घेऊ, मोठा कप काढू, आणि मग जा बाबा तुला जायचं तिथे.

सफूरा : आणि हे तुमच्याच डोक्यातून निघालं?

जमालुद्दीन : आमच्याकडे माल तपासायला तो म्हातारा अमेरिकन येतो ना, बेसबॉलचा वेडा? तो चहा पिताना सांगायचा. त्यांच्याकडे खालच्या टीममधल्या पोराला वर कधी आणायचं, यावर मोठमोठी माणसं डोकं लावून बसतात. लवकर आणला तर हबकतो, उशीर केला तर गंज चढतो. आणि काही क्लब म्हणे पोरगा तयार असला तरी मुद्दाम थोडे दिवस खालीच ठेवतात, म्हणजे तो वर्षभर जास्त त्यांच्या ताब्यात राहतो. म्हटलं, एवढे शहाणे लोक करतात, तर मी केलं म्हणून काय बिघडलं?

सफूरा : तिथल्या खाली ठेवलेल्या पोराला खुरूज लागतो का? कफील शोधत फिरावं लागतं का त्याला?

जमालुद्दीन : नाही.

सफूरा : ते नाही विचारलंत अमेरिकनला.

जमालुद्दीन : नको ना गं बोलू. मला लाज वाटतेय. आत्ता असरच्या नमाजला उभा राहिलो तर किती रकात झाल्या तेच कळेना. तौकीरचं झालं ना, तेव्हा मी खरंच घाबरलो होतो. पहिले काही महिने हम्मादला त्या भीतीनेच खाली ठेवला. भीती केव्हा गेली आणि हाव केव्हा आली, माझं मलाच कळलं नाही.

सफूरा : मी तरी काय केलं? ऐकलं आणि भाकरी उलटली. दर जुम्म्याला जुबेदाला सांगते, काळजी करू नको गं, जमालुद्दीन आहेत ना त्याच्याकडे बघायला. ती तुमच्यासाठी दुआ मागते, माहितीये?

जमालुद्दीन : माहितीये. मी रहमतुल्लाला फोन केला दुपारी. म्हणाला, जागा गेल्या वर्षी होती, ती भरली. आता शब्द देत नाही. पण बघतो म्हणाला. तेवढं तरी होऊ दे. म्हणून म्हणतो, निळी पट्टी लाव. टोपी नवी वाटली पाहिजे. वर्षभर घरात पडून होती हे हम्मादला कळलं तर...

सफूरा : तर काय? भांडेल?

जमालुद्दीन : भांडला तर बरंच होईल. तो नुसता बघेल माझ्याकडे. तेवढं नको.

सफूरा : अर्धी उसवली. आता माझा हात नाही पुढे जात.

जमालुद्दीन : बेल वाजली. आला वाटतं. टाक ती खणात, टाक लवकर!

सफूरा : नाही टाकणार. एकदा गेली तेवढी पुरे झाली. ये रे हम्माद, दार उघडंच आहे!

हम्माद : सलाम आलैकुम चाचा, खाला. डबे न्यायला आलो. वास तर खालपर्यंत येतोय सांदणांचा.

सफूरा : वालैकुम सलाम. बस जरा, बाबा.

हम्माद : नाही खाला, गाडी चुकीची लावलीय. चाचा, एक सांगायचं होतं. आज नाही सांगणार होतो, फायनलच्या आधी तुम्हाला टेन्शन नको. पण खाली उभा राहून विचार केला, सांगूनच टाकू. उद्या सकाळची बीची मॅच माझी लास्ट. आमची कंपनी खलास झाली. घरी चाललोय मी.

जमालुद्दीन : घरी जाऊन काय करणार?

हम्माद : मामूच्या होडीवर जाईन. नाहीतर बघू. अम्मीला अजून बोललो नाही. चाचा, तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं. तुम्ही माझ्या बाबतीत घाई नाही केलीत. पोरं म्हणायची, कॅप्टन तुला मुद्दाम दाबतोय. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, चाचांनी तौकीरभाईंचा जबडा बघितलाय, ते आपल्या भल्याचंच बघतात.

सफूरा : या अल्लाह.

हम्माद : काय झालं, खाला?

सफूरा : काही नाही. सुई टोचली.

जमालुद्दीन : हम्माद, उद्या सकाळी तू बीला खेळायचं नाहीस. तू ए टीमला आहेस. फायनल.

हम्माद : मी? कुणाच्या जागी?

जमालुद्दीन : माझ्या.

हम्माद : नाही हो चाचा, असं काय? तुम्ही कॅप्टन. सगळ्या जन्माची फायनल तुमची ही.

जमालुद्दीन : बाहेर बसूनपण ओरडता येतं मला. राबिघचा रहमतुल्ला येतोय बघायला. नव्या बॉलने तूच सुरू करायचं.

हम्माद : खरंच? कसम से? अम्मी तर रडेलच आता. खाला, टोपी तुम्हीच करणार ना?

सफूरा : झालेली आहे. घे.

जमालुद्दीन : सफूरा!

हम्माद : अरे, पट्टी तर लोंबतेय. अर्धीच लावलीय का? हिरवी? चाचा, हिरवी तर लास्ट इयरची ना?

जमालुद्दीन : ते दुकानदाराकडे जुना माल होता, म्हणून...

सफूरा : अहो.

जमालुद्दीन : हो. गेल्या वर्षीची. तुझीच आहे.

हम्माद : म्हणजे रहमतुल्लाभाई इथे जेवायला आले होते, तेव्हा?

जमालुद्दीन : तेव्हा तयार होती. तूही तयार होतास. मी खणात लपवली. तुला राबिघला नेतील म्हणून लपवली, दुसरं काही कारण नव्हतं. त्यांना सांगितलं, तू कच्चा आहेस. खोटं सांगितलं, हम्माद.

सफूरा : बस रे बाबा. पाणी देऊ?

हम्माद : नको. त्या दिवशी त्यांना एअरपोर्टला मीच सोडलं होतं. तुम्हीच पाठवलं होतंत मला गाडी घेऊन.

जमालुद्दीन : हो.

हम्माद : गाडीत ते मला म्हणाले, तू पण खेळतोस का रे? मी म्हटलं, खेळतो, पण अजून कच्चा आहे.

जमालुद्दीन : शिवी दे मला. काहीतरी बोल. असा बघू नकोस.

हम्माद : चाचा म्हणतो मी तुम्हाला. शिवी कशी देऊ?

सफूरा : उद्या जाशील ना रे ग्राउंडवर?

हम्माद : जाणार. का नाही जाणार? खाला, ती पट्टी परत लावून द्या. हिरवीच.

सफूरा : सगळे निळ्यात असतील.

हम्माद : असू दे. माझी हीच आहे.

जमालुद्दीन : लाव, सफूरा. हिरवीच लाव.

हम्माद : आणि खाला, अम्मीचा उद्या फोन येईल. तिला म्हणा, हम्माद आत्ता तयार झाला म्हणून वर घेतला. बाकीचं काही सांगू नका. नाहीतर ती चाचांसाठी दुआ मागायची बंद करेल.