डॉक्टर वसुधाताई शेवटी काय घेत होत्या

ताईंची माणसं म्हणून आपण सगळे या शोकसभेला आलात, बरं वाटलं. मालिशची विद्या मी गुरूकडे नाही, पुस्तकं वाचून स्वतः शिकलो. बोलायला सहसा अडत नाही. आज एक गोष्ट सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

पंचवटीत ताईंचा दवाखाना माझ्या दुकानासमोर. एकदा रस्ता ओलांडून आल्या, माझी पाटी वाचली.

“पर्यायी उपचार. कशाला पर्याय हो, नामदेवभाऊ?”

मी ऐटीत म्हणालो, “तुमच्या गोळ्यांना.”

“बरं झालं. आता छातीत कळ आलेला पेशंट तुमच्याकडेच धाडते.”

मग बाकावर बसून त्यांनी समजावलं. तेल तेच, हात तेच. गोळ्या चालू ठेवून मालिश घेतली तर ती पूरक. गोळ्या बंद करून घेतली तर पर्यायी. आणि आपण दोघांनी एकमेकांना विचारून, मिळून ठरवलं, तर एकात्मिक. मला वाद आवडतो. विचारलं, “मग झाडपाला, योग, होमिओपॅथी कोणत्या खणात?”

“खण औषधाचा नसतो भाऊ, वापराचा असतो. आणि गुण येतो का, हे आधी तपासायचं. माझ्या गोळीचंसुद्धा.”

सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेल्या बाईवर त्या कधी डाफरल्या नाहीत. “मावशी, झाडपाल्याची मुळी घेता ना? दाखवा बरं. माझ्या गोळीशी तिचं भांडण नको.” मावशी आधी “नाय, नाय” म्हणायची, मग पदराची गाठ सोडायची. दुसऱ्या कुणापुढे सोडली असती का?

आता मुख्य बोलतो. मघाशी दारात दोघांनी माझा हात धरला. म्हणाले, “शेवटी कॅन्सरमध्ये डॉक्टरीणबाईंनीही केमो सोडली, तुमच्याच मालिशकडे वळल्या.” ऐकायला गोड आहे. उद्या माझ्या दुकानापुढे रांग लागेल. पण मंडळी, हे खोटं आहे. ताईंनी एकही केमो चुकवली नाही. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढंच, मी तळपाय चोळत होतो. त्याने गाठ विरघळली नाही. ताईंना झोप लागायची. माझ्या हाताला तेवढा मान पुष्कळ आहे.

ही अफवा ऐकून एखादी आजारी बाई औषध बंद करील, आणि ते ताईंच्या नावावर जाईल. चालेल आपल्याला? मला नाही चालणार. बाहेर कुणी विचारलं तर सांगा: ताई केमो घेत होत्या, मालिशही घेत होत्या, आणि दोन्ही एकमेकांना सांगून.

एवढं सांगायचं, असं मनाशी ठरवा आणि उभे राहा. थोडा वेळ कुणीच बोलू नका.

ताई, नमस्कार.