अलास्काहून आलेला मुलगा

(अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं एक लहान गाव, कृष्णवर्णीयांची गल्ली. रविवारची सकाळ. ओडेसा शर्टाला इस्त्री करतेय. तिचा मुलगा लॅव्हेल समोर बसलाय.)

ओडेसा : ...आणि पास्टर पाहुण्यांना उभं राहायला सांगतील, तेव्हा मोठ्यानं नाव सांग. म्हणावं, दहा वर्षं अलास्काला होतो, मासेमारीच्या बोटीवर.

लॅव्हेल : आई, मला पाण्याची भीती वाटते हे गावाला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या हौदात पास्टरांच्या गळ्यालाच लोंबकळलो होतो मी.

ओडेसा : माणूस सुधारतो.

लॅव्हेल : हो, तुरुंगात घातलं की सुधारतो म्हणे.

ओडेसा : हळू बोल! खिडकी उघडी आहे.

लॅव्हेल : माझ्याबरोबर पकडलेल्या त्या कॉल्बीची आई लावून घेते का गं खिडकी?

ओडेसा : त्या गोऱ्यांचं नाव नको काढूस.

लॅव्हेल : का? कोकेनची पावडर त्याचीच होती. मी त्यातली मूठभर घेतली आणि तुझ्या बिस्किटांच्या सोड्यात शिजवून ओढायचे खडे केले. पकडलं तेव्हा त्याच्याकडे माझ्याहून जास्त माल होता. त्याला घरी सोडलं, मला दहा वर्षं. न्यायाधीश म्हणाले, कायद्यात एक ग्रॅम खडा म्हणजे शंभर ग्रॅम पावडर धरतात, मी काय करू?

ओडेसा : मला सांगतोस? तेव्हापासून घरात सोडा आणला नाही मी.

लॅव्हेल : खडे कुठल्या वस्तीत विकतात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं?

ओडेसा : नसायला काय झालं? निवडणूक तोंडावर होती, कडक दिसायचं होतं. आपल्यावर कडक झालं तर त्यांचं काय जात होतं? पण खोटं कशाला बोलू, आपल्या गल्लीनंही टाळ्या वाजवल्या. पोरं त्या खड्यांपायी मरत होती रे.

लॅव्हेल : कॉल्बीची आई चारचौघांत सांगते, पोर चुकलं, देवानं सावरलं.

ओडेसा : तिला चालतं. तिचं पोर चुकलं तर एकटं चुकतं. आपलं चुकलं की म्हणतात, हे लोक असेच. मला नाही ऐकवलं असतं ते.

लॅव्हेल : बरं बाई. अलास्का तर अलास्का. विचार काय विचारायचं ते.

ओडेसा : शेजारची मेबल विचारेल, थंडी फार असेल ना?

लॅव्हेल : फार. पांघरूण एकच मिळायचं.

ओडेसा : आणि जेवण?

लॅव्हेल : माशांचा वीट आला.

ओडेसा : शाब्बास.

लॅव्हेल : आणि 'आई एकदाही भेटायला आली नाही?' असं कुणी विचारलं तर?

ओडेसा : ...तुरुंगात भेटीला नेणारी गाडी महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या आवारातून सुटायची, लॅव्हेल. सगळ्यांच्या देखत चढावं लागलं असतं. त्या शनिवारी मी पडदेसुद्धा उघडायची नाही.

लॅव्हेल : मेबलमावशी सांगायची.

ओडेसा : मेबल? तिचा पोरगा अँटवान दुसऱ्या तुरुंगात होता ना?

लॅव्हेल : नंतर माझ्याच बराकीत आणला. मग मावशी म्हणाली, माझंही नाव घाल तुझ्या भेटीच्या यादीत. मला चॉकलेट घेऊन द्यायची. तुझी खुशाली सांगायची.

ओडेसा : आणि दर रविवारी माझा हात धरून विचारायची, अलास्काला बर्फ पडलं का गं?

लॅव्हेल : मीच म्हटलं होतं, आईला कळू देऊ नकोस.

ओडेसा : देवा रे. मान वर करून बघू कशी तिच्याकडे?

लॅव्हेल : दे तो शर्ट. जळेल.

ओडेसा : लॅव्हेल, पास्टर म्हणाले तरी तू उठू नकोस.

लॅव्हेल : मग?

ओडेसा : मी उठते.